प्रथिन वर गेले की खाली? एमडीसीके पेशी, फिल्टर आणि बायोटिन वापरून उत्तर कसे काढायचे

मूत्रपिंडातल्या नलिकेच्या पेशीला दोन तोंडे असतात. एक नलिकेच्या पोकळीकडे, जिथून मूत्र वाहते. याला एपिकल म्हणतात. दुसरे रक्तवाहिन्यांकडे आणि शेजारच्या पेशींकडे, हे बेसोलॅटरल. सोडियम-पोटॅशियम पंप बेसोलॅटरल बाजूलाच हवा आणि पाणी आत घेणारे एक्वापोरिन-२ गरजेच्या वेळी एपिकल बाजूलाच हवे. बाजू चुकली तर प्रथिन कितीही धडधाकट असले तरी निरुपयोगी. म्हणून आपल्या हाती एखादे नवे पटल-प्रथिन किंवा त्याचे उत्परिवर्तन आले की पहिला प्रश्न पडतो तो ते कोणत्या बाजूला जाते हाच.

याचे उत्तर आठवडाभरात मिळू शकते: पेशींचा बंद थर फिल्टरवर वाढवायचा, एकाच बाजूने बायोटिन ही रासायनिक खूण लावायची आणि खूण लागलेली प्रथिने वेगळी करून मोजायची. मात्र पेशींचा थर गळका असेल, तर एक बाजू आणि दुसरी बाजू यांत फरक उरत नाही आणि मिळालेला आकडा दिसायला नेटका असला तरी खोटा असतो. या लेखातली निम्मी काळजी त्या थराची आहे, ती त्याचसाठी.

१. पेशी निवडताना

एमडीसीके ही मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ मध्ये कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्रीच्या मूत्रपिंडापासून केलेली पेशीमालिका. १९७८ मध्ये रॉड्रिगेझ-बुलान आणि सबातिनी यांनी दाखवले की या पेशींतून इन्फ्लुएंझाचा विषाणू एपिकल बाजूने बाहेर पडतो आणि व्हीएसव्ही (व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस) हा विषाणू बेसोलॅटरल बाजूने. विषाणूंची आवरण-प्रथिनेही त्याच बाजूंना जातात. तेव्हापासून प्रथिनांच्या वर्गवारीचा, म्हणजे कोणते प्रथिन कोणत्या बाजूला जाते याचा, अभ्यास मुख्यतः याच पेशींवर झाला आहे, त्यामुळे तुलनेला भरपूर माहिती हाताशी असते.

पेशी मागवताना टाइप १ की टाइप २, हे विचारल्याशिवाय राहू नका. टाइप १ चा विद्युतरोध (थर विजेला करतो तो अडथळा) हजार ओहम-चौ.सेमीच्या वर जातो, टाइप २ चा साधारण १०० ते २०० च्या आसपास राहतो. वर्गवारीच्या प्रयोगांत टाइप २ जास्त वापरतात. मूळ मालिकेत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, म्हणून नुसते 'एमडीसीके' लिहिलेली कुपी पुरेशी नाही. महाराष्ट्रात असाल तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडाराकडे चौकशी करता येते. तिथेही प्रकार आणि पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या प्लेटवर उतरवल्या) विचारून घ्या.

दोन पेशीमालिकांपासून जपून राहा. एचईके-२९३ च्या नावात मूत्रपिंड आहे, पण ती एमडीसीकेसारखा दोन बाजूंचा बंद थर करत नाही. तिच्यावर हा प्रयोग करणे व्यर्थ. डुकराच्या मूत्रपिंडातली एलएलसी-पीके१ थर करते, पण तिच्यात बेसोलॅटरल प्रथिनांना वाटेला लावणाऱ्या एपी-१बी या अडॅप्टरचा म्यू-१बी हा घटक नसतो, त्यामुळे एलडीएल रिसेप्टरसारखी बेसोलॅटरल प्रथिने तिच्यात भलत्या बाजूला दिसतात. हा दोष १९९९ मध्ये उलगडला. एपी-१बीचे काम तपासायचे असेल तर हीच पेशी उत्तम, एरवी नको.

२. आधी जमवून ठेवायचे

कागदपत्रे: जनुक घातलेल्या पेशी वापरणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी. किरणोत्सारी मेथिओनिन वापरायचे ठरले तर भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ती वेळेवर मागा, प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

सामान:
- १२ मिमी व्यासाचे ट्रान्सवेल फिल्टर, छिद्र ०.४ मायक्रोमीटर, पॉलिकार्बोनेट. वाढीचे क्षेत्र १.१२ चौ.सेमी. एका प्लेटमध्ये १२ येतात. फेज सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रोज पाहायच्या असतील तर पारदर्शक पॉलिएस्टरचे घ्या.
- एमईएम मिडियम, ५ ते १० टक्के गोवंशीय गर्भसीरम, ग्लुटामिन, प्रतिजैविके.
- ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेले पीबीएस (फॉस्फेटचे खारे बफर).
- पीबीएस-सीएम: पीबीएसमध्ये ०.१ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. पीएच ८.०.
- सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन, उणे २० अंशांवर, कोरड्या डब्यात.
- स्ट्रेप्टॅव्हिडिन किंवा न्यूट्रॅव्हिडिन (बायोटिन घट्ट पकडणारी प्रथिने) लावलेले अगारोज बीड्स.
- विद्युतरोध मोजायचे यंत्र, दोन काड्यांचा इलेक्ट्रोड असलेले.
- प्रतिपिंडे: तुमच्या प्रथिनाचे, आणि साक्षीदार म्हणून जीपी१३५ (एपिकल), ई-कॅडहेरिन किंवा सोडियम-पोटॅशियम पंप (बेसोलॅटरल), अ‍ॅक्टिन (पेशीच्या आतले). पेशी कुत्र्याच्या आहेत, तेव्हा प्रतिपिंड कुत्र्याचे प्रथिन ओळखते का, हे माहितीपत्रकात पाहूनच विकत घ्या. माणसावर आणि उंदरावर चालणारी कितीतरी प्रतिपिंडे इथे मुकी राहतात.

३. फिल्टरवर पेरणी

एमडीसीके पेशी प्लेटला घट्ट धरून बसतात. ट्रिप्सिन घालण्याआधी कॅल्शियम नसलेल्या पीबीएसने दोनदा धुवा, मग ३७ अंशांवर १० ते २० मिनिटे थांबा. घाई करून प्लेट आपटू नका. गठ्ठे सुटतात आणि फिल्टरवर त्या गठ्ठ्यांच्या जागी दोन-दोन थर चढतात. पिपेटने वरखाली करून एकेक पेशी सुटी झाल्याची खात्री मोजणीच्या वेळी डोळ्यांनी करा.

एका १२ मिमी फिल्टरवर सुमारे ३ लाख पेशी, ०.५ मिली मिडियममध्ये. खालच्या कप्प्यात १.५ मिली. आधी रिकाम्या फिल्टरवर काही मिनिटे मिडियम ठेवून तो भिजवून घेतला तर पेशी सारख्या पसरतात. मिडियम दुसऱ्या दिवशी बदला, नंतर एक दिवसाआड, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी पुन्हा.

मिडियम बदलण्याचा क्रम आताच अंगवळणी पाडा. काढताना आधी खालचे, मग वरचे. घालताना आधी वरचे, मग खालचे. उलट केले तर खालच्या द्रवाचा दाब पेशींना फिल्टरवरून उचलतो. पिपेटचे टोक फिल्टरच्या भिंतीला टेकवा, पडद्याला कधीही नाही. एक ओरखडा पडला की तो फिल्टर बाद.

१२ फिल्टरांची वाटणी आधीच ठरवा. तीन एपिकल बायोटिनसाठी, तीन बेसोलॅटरलसाठी, दोन बायोटिनशिवाय, दोन सूक्ष्मदर्शकासाठी, एक पेशींविना (रोधाचा पाया मोजायला) आणि एक जादा. जादा फिल्टर लागत नाही असे क्वचितच होते.

४. थर बंद झाला का?

तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत थांबा. पेशी कन्फ्लुएंट, म्हणजे एकमेकींना भिडलेल्या, दिसतात त्या दिवशी त्यांना दोन बाजू असतीलच असे नाही. पेशी उंच व्हायला, टाइट जंक्शन (शेजारच्या पेशींमधला घट्ट सांधा) पक्के व्हायला आणि प्रथिने आपापल्या जागी स्थिरावायला वेळ लागतो.

विद्युतरोध मोजा. यंत्र ओहममध्ये आकडा देते. त्यातून रिकाम्या फिल्टरचा आकडा वजा करा आणि उरलेल्याला क्षेत्राने गुणा. समजा, पेशी असलेला फिल्टर २३० दाखवतो आणि रिकामा ११०. उत्तर १२० गुणिले १.१२, म्हणजे सुमारे १३४ ओहम-चौ.सेमी. टाइप २ साठी हे ठीक. नवखे लोक क्षेत्राने भागतात; फिल्टर मोठा झाला की रोध कमी होतो, म्हणून गुणायचेच.

दोन गोष्टींनी गोंधळ होतो. पहिली म्हणजे तापमान. मिडियम थंड होत जाते तसा रोध वाढत जातो. प्लेट इन्क्युबेटरबाहेर काढून १५-२० मिनिटे ठेवा, मग मोजा, आणि दरवेळी हाच वेळ पाळा. दुसरी म्हणजे टाइप २ चा रोध पहिल्या-दुसऱ्या दिवशी उसळी घेतो आणि मग खाली येऊन स्थिर होतो. ही घसरण बघून फिल्टर फेकू नका, ती तशीच अपेक्षित आहे. फेकायचा तो शेजाऱ्यांपेक्षा फारच कमी आकडा देणारा फिल्टर.

रोध हा सरासरी आकडा आहे, एखादे छोटे भोक त्यात लपू शकते. म्हणून आदल्या रात्री वरच्या कप्प्यात मिडियमची पातळी खालच्यापेक्षा स्पष्ट उंच ठेवा. सकाळी पातळ्या सारख्या झाल्या असतील तर तो फिल्टर गळतो. कसलेही यंत्र लागत नाही आणि ही तपासणी फसवतही नाही.

५. बायोटिन लावणे

तत्त्व सोपे. सल्फो-एनएचएस-बायोटिन प्रथिनांवरच्या लायसीनला चिकटते आणि त्यावरच्या ऋणभारामुळे पेशीपटल ओलांडत नाही. थर बंद असेल तर ज्या कप्प्यात घालाल त्याच बाजूची प्रथिने रंगतात.

इथून पुढे सगळे बर्फावर, थंड खोलीत करता आले तर उत्तम. थंडीत प्रथिनांची ये-जा थांबते. उबेत केले तर पटलावरचे प्रथिन आत खेचले जाते आणि आतले बाहेर येते.

पेशी बर्फगार पीबीएस-सीएमने तीनदा धुवा, दोन्ही बाजूंनी. कॅल्शियम विसरू नका. ई-कॅडहेरिनची पकड कॅल्शियमवर टिकते. साध्या पीबीएसने धुतलेला थर थोड्याच वेळात उसवतो आणि तुमच्या हातात गळका फिल्टर येतो, तोही रोध मोजून झाल्यानंतर. या प्रयोगात सर्वांत जास्त निकाल इथे बिघडतात.

बायोटिनची बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. थंड बाटली उघडली की हवेतला ओलावा भुकटीवर बसतो आणि ती निष्क्रिय होते. वजन करा, ०.५ मिग्रॅ प्रति मिली या प्रमाणात बर्फगार पीबीएस-सीएममध्ये विरघळवा आणि लगेच वापरा. पाण्यात हा रेणू आपोआप फुटत जातो, म्हणून आधी करून ठेवलेले द्रावण निरुपयोगी. ट्रिस बफर, ग्लायसीन किंवा सीरम यांतले काहीही आसपास नको. त्यांच्यातले अमाइन गट बायोटिन खाऊन टाकतात.

एपिकल फिल्टरांत वर ०.५ मिली बायोटिन, खाली नुसते पीबीएस-सीएम. बेसोलॅटरल फिल्टरांत उलट. बायोटिन वाचवायचे असेल तर पॅराफिल्मवर १५० ते २०० मायक्रोलिटरचा थेंब ठेवून फिल्टर अलगद त्यावर बसवा, फक्त खाली बुडबुडा अडकू देऊ नका. बुडबुड्याच्या वरचा भाग रंगत नाही आणि बेसोलॅटरल आकडा विनाकारण कमी येतो. २० मिनिटे हलक्या हाताने हलवा, ताजे द्रावण घालून आणखी २० मिनिटे.

शेवटी उरलेले बायोटिन मारा: ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड किंवा १०० मिलिमोलर ग्लायसीन, पीबीएस-सीएममध्ये, दोन्ही बाजूंना, १० मिनिटे. ही पायरी गाळली तर पेशी फोडल्याबरोबर उरलेले बायोटिन आतल्या प्रथिनांना चिकटते आणि अ‍ॅक्टिनदेखील 'पटलावर' दिसू लागते.

६. प्रथिने वेगळी करणे आणि ब्लॉट

फिल्टर ब्लेडने कडेने कापून ट्यूबमध्ये टाका. ४०० मायक्रोलिटर लायसिस बफर: १ टक्का ट्रायटन, १५० मिलिमोलर मीठ, २० मिलिमोलर ट्रिस (आता ट्रिस चालते), ५ मिलिमोलर ईडीटीए आणि प्रोटिएज इनहिबिटर. बर्फावर अर्धा तास, मग १४,००० जी वर १० मिनिटे फिरवा. वरच्या द्रवातला दहावा भाग 'एकूण' म्हणून बाजूला काढा. उरलेला ४० मायक्रोलिटर बीड्ससोबत ४ अंशांवर रात्रभर फिरत ठेवा. सकाळी चारदा धुवा, त्यातले एकदा ५०० मिलिमोलर मिठाने. डीटीटी असलेल्या एसडीएस बफरने सोडवा. एसएस प्रकारच्या बायोटिनची साखळी डीटीटीने तुटते, त्यामुळे प्रथिन सहज सुटते.

पटल अनेक वेळा आरपार ओलांडणाऱ्या प्रथिनांना उकळू नका. एक्वापोरिन किंवा पंपाचा अल्फा घटक ९५ अंशांवर गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतो, आणि माणूस प्रतिपिंडाला दोष देत बसतो. ३७ अंशांवर अर्धा तास पुरेसा. जीपी१३५ आणि ई-कॅडहेरिन, जे सुमारे १२० किलोडाल्टनचे आहे, यांचे पट्टे जवळजवळ येतात. ते एकाच पडद्यावर एकामागून एक पाहण्याऐवजी वेगळ्या जेलवर पाहा.

७. आकडा काढण्याआधी साक्षीदार तपासा

आपल्या प्रथिनाकडे बघण्याचा मोह होतो. आधी हे क्रमाने पाहा:

- बायोटिनशिवायच्या फिल्टरांत बीड्सवर काहीही दिसता कामा नये.
- अ‍ॅक्टिन 'एकूण' मध्ये हवे, बीड्सवर नको. बीड्सवर असेल तर पेशी फुटल्या होत्या किंवा बायोटिन नीट मारले गेले नाही.
- जीपी१३५ जवळपास सगळे एपिकल, ई-कॅडहेरिन जवळपास सगळे बेसोलॅटरल. चुकीच्या बाजूला ५ टक्क्यांपर्यंत दिसले तर सोडून द्यावे. १० च्या वर गेले तर तो प्रयोग पुन्हा करावा, आकडा 'दुरुस्त' करू नये.

हे जमले की एपिकल पट्टा भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले १००. पट्टे एकाच ब्लॉटवरचे, एकाच एक्स्पोजरचे असू द्या आणि काळेभोर झालेले पट्टे मोजू नका. फिल्टरच्या छिद्रांतून बेसोलॅटरल बाजूला बायोटिन तितके सहज पोहोचत नाही, म्हणून ७० टक्के आणि ७५ टक्के यांतल्या फरकावर काहीही उभारू नका. ९० विरुद्ध ५० हा फरक बोलण्यासारखा.

८. डोळ्यांनी पाहणे

एकट्या बायोटिनवर विसंबू नये. उरलेले दोन फिल्टर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने २० मिनिटे स्थिर करा, कापा, तुमच्या प्रथिनासोबत झेडओ-१ या टाइट जंक्शनवरच्या प्रथिनाला रंगवा. काचेवर ठेवताना पेशींची बाजू कव्हरस्लिपकडे असावी. फिल्टर उलटा बसला तर प्रकाश छिद्रांतून विखुरतो आणि सगळे धूसर दिसते. कॉन्फोकलवर साधारण ०.३ मायक्रोमीटरच्या पायरीने थर घ्या आणि उभा छेद पाहा. झेडओ-१ चे ठिपके ही सीमारेषा: त्यांच्या वर एपिकल, खाली बेसोलॅटरल. नुसते वरून काढलेले चित्र पुरावा म्हणून धरू नका, कारण पटलाच्या लगेच खाली साठलेल्या पुटिका (प्रथिने वाहून नेणाऱ्या छोट्या पिशव्या) वरून पटलावरच असल्यासारख्या दिसतात.

९. एक्वापोरिन-२: सर्वांत बोलके उदाहरण

संग्राहक नलिकेत व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन बेसोलॅटरल बाजूच्या व्ही२ रिसेप्टरला चिकटते, सायक्लिक एएमपी वाढते, प्रोटीन कायनेज ए एक्वापोरिन-२ च्या २५६ व्या सेरीनवर फॉस्फेट बसवते, आणि पुटिकांत थांबलेले एक्वापोरिन एपिकल पटलावर येते. हे न घडल्यास माणूस दिवसभरात कित्येक लिटर पातळ मूत्र टाकतो. हाच वृक्कजन्य डायबेटिस इन्सिपिडस. वारशाने येणाऱ्या रुग्णांत सुमारे ९० टक्क्यांमध्ये दोष व्ही२ रिसेप्टरचा असतो, सुमारे १० टक्क्यांमध्ये एक्वापोरिन-२ चा. प्रबळ वारशाच्या उत्परिवर्तनांत प्रथिन तयार होते, पण त्याची वाट चुकते, आणि एक्वापोरिन चौघांच्या जोडणीने फिरत असल्यामुळे चांगल्या प्रथिनालाही ते सोबत ओढून नेते.

एमडीसीकेमध्ये हे पाहायचे असेल तर रात्रभर ५० मायक्रोमोलर इंडोमेथासिन ठेवा. ते प्रोस्टाग्लँडिन बनणे रोखते. एरवी पेशी स्वतःच प्रोस्टाग्लँडिन बनवतात, त्यामुळे सायक्लिक एएमपी आधीच चढलेले असते आणि उत्तेजित व अनुत्तेजित यांत फरक दिसत नाही. मग सायक्लिक एएमपी वाढवणारे फोर्स्कोलिन, १० मायक्रोमोलर, अर्धा तास, ३७ अंश, इंडोमेथासिन चालू ठेवून. लगेच बर्फावर घेऊन एपिकल बायोटिन. ब्लॉटवर २९ किलोडाल्टनचा पट्टा आणि त्याच्या वर साखर लागलेल्या रूपाचा पसरट डाग, दोन्ही मोजा.

जीएफपी (चमकणारे हिरवे प्रथिन) जोडायचे तर एक्वापोरिन-२ च्या अमिनो टोकाला. कार्बॉक्सी टोकावर फॉस्फेटची जागा आणि वाहतुकीच्या खुणा आहेत. तिथे जीएफपी बसवले की हार्मोनला प्रतिसाद देण्याचे नियंत्रण जाते. हा धडा इतर प्रथिनांनाही लागू आहे. टायरोसीनवर आधारलेले आणि दुहेरी-ल्युसीनचे बेसोलॅटरल संकेत पेशीद्रवातल्या शेपटीत असतात, म्हणून शेपटीला टॅग लावण्याआधी तिचा क्रम वाचा.

१०. निकाल दोन्हीकडे सारखा आला तर

आधी पायरी ४ आणि ७ पुन्हा पाहा. थर निर्दोष असेल तर संशय अतिउत्पादनावर घ्या. जनुक फार जोरात चालले की वर्गवारीची यंत्रणा भरून वाहते आणि जादा प्रथिन दोन्हीकडे सांडते. उत्पादन वाढवण्यासाठी १० मिलिमोलर सोडियम ब्युटिरेट घालण्याची पद्धत आहे. ते घातले असेल तर न घालता पुन्हा करा. कमी प्रथिन बनवणारे दोन-तीन वेगळे क्लोन घ्या, एकाच क्लोनवर विसंबू नका.

त्यानंतरच पोहोचवणे आणि टिकवणे यांतला भेद तपासायला घ्या. वर केलेला प्रयोग फक्त स्थिर अवस्था सांगतो. काही एमडीसीके क्लोनमध्ये सोडियम-पोटॅशियम पंप दोन्ही बाजूंना पोहोचतो, आणि बेसोलॅटरल बाजूला पटलाखालच्या अँकिरिन-स्पेक्ट्रिन प्रथिनांच्या जाळ्यात अडकून टिकतो, तर एपिकल बाजूचा नाहीसा होतो. शेवटचे चित्र मात्र शुद्ध बेसोलॅटरल. हे वेगळे करण्यासाठी नवे प्रथिन २० अंशांवर दोन तास ट्रान्स-गॉल्जीत, म्हणजे प्रथिने पटलाकडे रवाना होण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर, अडवा (पाण्याच्या टबात, बायकार्बोनेटऐवजी हेपेस असलेल्या मिडियममध्ये), नवे प्रथिन बनणे थांबवणारे सायक्लोहेक्सिमाइड, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, घालून ३७ अंशांवर सोडा, आणि ०, १५, ३० व ६० मिनिटांना वेगवेगळ्या फिल्टरांना बायोटिन लावा. आधीपासून पटलावर असलेले जुने प्रथिन यात गोंधळ घालते. म्हणून त्याचे उत्पादन औषधाने सुरू-बंद करता येईल अशी रचना, किंवा किरणोत्सारी खूण, वापरावी लागते. प्रत्येक वेळबिंदूला दोन बाजू आणि प्रत्येकी दोन फिल्टर धरले तर १६ होतात, म्हणजे प्लेट दोन लागतील. पेरणी दोन्हींची एकाच दिवशी, पेशींच्या एकाच ट्यूबमधून करा.